पडद्यावरचा तळ : निकोलस रोरिक यांचे एक नेपथ्य



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी हयात नाटकांचे पडदे रंगवण्यात गेली. म्हणून आज नाटककारावर किंवा नटावर न बोलता एका पडद्यावर बोलायचे मी ठरवले. हा पडदा मे १९०९ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात लागला. बाराव्या शतकातल्या भटक्या पोलोव्त्सी लोकांचा तळ त्यावर रंगवला होता. कल्पना निकोलस रोरिक यांची. हिमालयाच्या चित्रांमुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. पण त्यांना भारतात पाऊल ठेवायला तेव्हा आणखी चौदा वर्षे होती.

नाटकाचा पडदा सहसा टिकत नाही. गुंडाळून, उलगडून, गावोगाव फिरवून तो विटतो आणि शेवटी फाटतो. मागे उरतात ती चित्रकाराने आधी केलेली छोटी संकल्पचित्रे. रोरिक यांनी हा तळ एकापेक्षा जास्त वेळा रंगवला. त्यांतले एक संकल्पचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. रंगांत आणि तपशिलांत फरक पडत गेले, तरी मूळ मांडणी तीच राहिली.

अशी चित्रे चौकटीत घालून भिंतीवर लावली की आपण त्यांना निसर्गचित्र समजून पाहू लागतो. काही जण त्यांच्याकडे इतिहासाचा पुरावा म्हणूनही पाहतात. नेपथ्याचे चित्र या दोन्हींपेक्षा वेगळे असते. पुढे जे घडणार आहे त्यासाठी केलेली ती सोय असते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रोरिक यांनी या तळातून जे जे काढून टाकले, त्यामुळे तो रंगमंचासाठी अजोड ठरला. आणि जे जे काढून टाकले, तेच नेमके त्या लोकांचे जगणे होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानूनच हा पडदा पाहावा लागतो. पहिलेच धरले तर आपण नुसती वाहवा करू, दुसरेच धरले तर नुसती उलटतपासणी.

चित्रात काय आहे

आधी डोळ्यांना दिसते ते पाहू. क्षितिज बरेच खाली आहे. मोठा भाग आकाशाने व्यापला आहे, आणि हे आकाश निळे नाही. पिवळे, सोनेरी, धुरकट आहे. खाली लाल-तपकिरी जमीन, तिच्यावर बुटकी टेकाडे. आणि उपड्या घातलेल्या पाट्यांसारखे घुमटाकार तंबू. त्यांच्या माथ्यांतून धूर निघून आकाशात चढतो. या आडव्या चित्रात उभे जाणारे काय ते तेवढेच.

आता काय नाही ते पाहा. माणसांना जवळपास स्थानच नाही. जनावरांची, गाड्यांची वर्दळ नाही. तंबूंच्या आत काय आहे ते कुठेच दिसत नाही. चूल आत पेटलेली आहे हे धुरावरून कळते, पण चुलीपाशी कोण बसले आहे ते कळत नाही. तळ जागा आहे, राबता आहे, पण आपल्यापुरता बंद आहे.

कथा आणि तिचे तुकडे

हा तळ ज्या ऑपेरातला आहे, त्याचे नाव ‘प्रिन्स इगोर’. मूळ घटना ११८५ सालची. नोवगोरोद-सेवेर्स्कीचा राजा इगोर पोलोव्त्सींवर चालून गेला. १ मे रोजी वाटेत सूर्यग्रहण लागले, तो अपशकुन त्याने मानला नाही. पुढे तो हरला आणि कैद झाला. एका जुन्या रशियन काव्यात ही कथा आली आहे. त्या काव्याचे हस्तलिखित अठराव्या शतकाच्या अखेरीस हाती लागले, १८०० मध्ये छापले गेले आणि १८१२ च्या मॉस्कोच्या आगीत जळाले.

अलेक्झांडर बोरोदिन यांना हा विषय १८६९ मध्ये समीक्षक व्लादिमीर स्तासोव्ह यांनी सुचवला. बोरोदिन पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक; संगीत उरलेल्या वेळात. अठरा वर्षे हे काम रेंगाळले. १८८७ मध्ये एका वेशांतराच्या मेजवानीत ते कोसळले, तेव्हा ऑपेरा अपुराच होता. संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी तो पुरा केला आणि १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला.

या ऑपेरात दोन जागा समोरासमोर ठेवल्या आहेत. एक पुतिव्ल हे रशियन नगर : कोट, चर्च, इगोरची वाट पाहणारी राणी आणि दारूत बुडालेला तिचा भाऊ. दुसरी पोलोव्त्सींचा तळ. दुसऱ्या अंकात तिथे संध्याकाळ उतरते, मुली गातात, इगोरचा मुलगा खान कोंचाकच्या मुलीच्या प्रेमात पडतो. कैदी इगोरला झोप येत नाही. मग कोंचाक येतो, त्याला पाहुण्यासारखे वागवतो आणि त्याच्या मनोरंजनासाठी नाच सांगतो. हेच ते प्रसिद्ध पोलोव्त्सी नृत्य.

पॅरिसमध्ये मात्र हा तोल मोडला, आणि तो पैशांमुळे मोडला. रशियन निर्माते सर्गेई दियागिलेव्ह यांनी आदल्या वर्षी तिथे ‘बोरिस गोदुनोव्ह’ हा ऑपेरा पूर्ण करून दाखवला होता. १९०९ च्या फेब्रुवारीत त्यांचे आश्रयदाते ग्रँड ड्यूक व्लादिमीर वारले आणि दरबारचा पैसा आटला. बहुतेक ऑपेरे पूर्ण करणे परवडेनासे झाले. बॅले वाढले, ऑपेरांचे तुकडे घेतले गेले. ‘प्रिन्स इगोर’मधला फक्त तळाचा अंक उरला.

या काटकसरीचा अर्थावर केवढा परिणाम झाला पाहा. रशियन प्रेक्षकाला तळ दिसे तो पुतिव्लच्या पाठोपाठ. आपले घर आणि परक्याचा मुक्काम अशी ती जोडी होती. पॅरिसच्या प्रेक्षकापुढे पुतिव्ल आलेच नाही. रशियातून आलेल्या मंडळीने त्याला भटक्यांचा तळ दाखवला आणि त्याने तोच रशिया मानला. रशियाच्या कथेतला परका पॅरिसमध्ये रशियाचा चेहरा झाला. लंडनला १९१४ मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात संपूर्ण ऑपेरा झाला, नेपथ्य रोरिक यांचेच होते. पण तोवर तळाची सुटी प्रतिमा युरोपभर पसरली होती.

पडदेवाल्याच्या जागी चित्रकार

नेपथ्याचे काम रोरिक यांच्यासारख्या चित्रकाराकडे कसे आले, हेही समजून घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकातली मोठी नाट्यगृहे ठरावीक पडद्यांवर चालत. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांकडे रस्ता, बाग, राजवाडा, अरण्य असे पडदे असत आणि नाटक बदलले तरी तेच उपयोगी पडत, तशीच रीत तिकडेही होती. मॉस्कोचे उद्योगपती साव्वा मामोंतोव्ह यांनी १८८५ मध्ये खासगी ऑपेरा कंपनी काढली आणि व्हिक्टर वास्नेत्सोव्ह, कॉन्स्तान्तिन कोरोविन, पुढे मिखाईल व्रुबेल अशा नामवंत चित्रकारांना नेपथ्यासाठी बोलावले. दर प्रयोगासाठी वेगळे चित्र, एका हाताचे, एका रंगसंगतीचे. दियागिलेव्ह यांनी हीच कल्पना युरोपात नेली. आपल्याकडे कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, ते याच सुमाराच्या काळात. चित्रकार रंगभूमीकडे वळतो तेव्हा पडद्याची इभ्रत कशी वाढते, हे मराठी प्रेक्षकाला नव्याने सांगायला नको.

छोट्या संकल्पचित्राचा मोठा पडदा करणे हे वेगळे कसब आहे. चित्रावर चौकटी पाडायच्या, जमिनीवर अंथरलेल्या कापडावर त्या मोठ्या करायच्या, आणि लांब दांड्याच्या ब्रशांनी, कापडावर उभे राहूनच, सरसात कालवलेला रंग द्यायचा. हा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की उजळतो. म्हणजे रंगवणाऱ्याला समोर दिसणाऱ्या रंगावर नव्हे, उद्याच्या रंगावर विश्वास ठेवावा लागतो. बारीक कलाकुसर इथे वाया जाते. रोरिक यांची मोठे सपाट रंगपट्टे आणि ठाशीव आकार यांची शैली या कामाला उपजतच योग्य होती.

क्षितिज कुणाचे, टेकाड कुणाचे

हा तळ त्यांनी कुठून आणला? पोलोव्त्सींचा मुलूख काळ्या समुद्राच्या उत्तरेला, डॉन आणि दोनेत्स नद्यांच्या आसपास. रोरिक जन्मले आणि वाढले ते सेंट पीटर्सबर्गच्या बाजूला, जंगल आणि तळ्यांच्या प्रदेशात. स्टेपचे, म्हणजे त्या सपाट गवताळ मैदानांचे, आकाश त्यांच्याकडे गुरूंकडून आले, असे मला वाटते. कलाअकादमीत त्यांचे गुरू होते आर्खिप कुइंजी. अझोव्ह समुद्रावरच्या मारिउपोलमध्ये, म्हणजे थेट त्या जुन्या पोलोव्त्सी भूमीतच, कुइंजी लहानाचे मोठे झाले. खाली क्षितिज, वर अफाट आकाश आणि उजेडालाच विषय करायचा, ही त्यांच्या चित्रांची रीत. १८९७ मध्ये विद्यार्थ्यांची बाजू घेतल्यामुळे कुइंजींना अकादमीतून काढले, तेव्हा त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या शिष्यांत रोरिक होते.

तंबूंचा आकार मात्र त्यांचा स्वतःचा आहे, आणि तो फावड्याने कमावलेला आहे. रोरिक शाळकरी वयापासून कुर्गान खणत. कुर्गान म्हणजे प्रेतावर मातीचा ढीग रचून केलेली जुनी समाधी. पीटर्सबर्ग, प्स्कोव्ह, नोवगोरोद या भागांत त्यांनी उत्खनने केली. विशीत असतानाच पुरातत्त्व संस्थेत व्याख्याने दिली. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत टेकाडे, खांबांची कुंपणे, देवांच्या ओबडधोबड मूर्ती पुन्हा पुन्हा येतात.

आता पुन्हा त्या पडद्याकडे पाहा. दूरवरची टेकाडे आणि पुढचे तंबू एकाच वळणाचे आहेत. तोच फुगीर माथा, तीच जमिनीतून वर आल्यासारखी बसकण, रंगही मातीचे. धूर काढून टाका, तंबूचा कुर्गान होतो. टेकाडावर धूर रंगवा, कुर्गानचा तंबू होतो. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. भटक्यांनी मागे फारशा इमारती ठेवलेल्या नसतात. पुरातत्त्वज्ञाला ते भेटतात ते थडग्यात. रोरिक यांनी या लोकांना जमिनीखालून ओळखले होते, म्हणून जमिनीवरचे त्यांचे घरही त्यांनी थडग्याच्या आकाराचे केले. या तळात जी गंभीर, काळाच्या पलीकडची स्थिरता जाणवते, तिचा उगम इथे आहे. हे जिवंत लोकांचे वस्तीस्थान आहे खरे, पण त्याच्याकडे पाहणारी नजर सात शतकांनंतरच्या उत्खनकाची आहे.

रिकामी जागा आणि नाचणारे शरीर

आता रंगमंचाकडे येऊ. पडदे रंगवणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण ठाऊक असते. पडद्यावर राजवाडा खोलवर काढला, दूरच्या कमानी लहान केल्या, म्हणजे समोरून छान दिसते. पण नट दोन पावले मागे सरकला की दूरची कमान त्याच्या खांद्याला लागते आणि सारा भ्रम फुटतो. त्या कमानीनेच त्याची उंची मोजून दिलेली असते.

रोरिक यांच्या पडद्यात मोजमाप देणारी वस्तू फारशी नाहीच. माणसे नाहीत, बैल-घोडे नाहीत, चाके नाहीत. तंबू किती मोठा आहे, किती लांब आहे, हे डोळ्याला ठरवता येत नाही. त्यामुळे नर्तक पडद्याच्या अगदी जवळ गेला तरी काही बिघडत नाही. दुसरे, क्षितिज खाली असल्यामुळे उभ्या माणसाचे डोके आणि छाती आकाशावर येते. त्याने उडी मारली की सारे शरीर त्या पिवळ्या उजेडावर कोरल्यासारखे उमटते. आडव्या जमिनीवर उभा चढणारा धूर आधीच डोळ्याला वरची सवय लावून ठेवतो. उडी त्या दिशेने जाते.

नृत्यदिग्दर्शक मिखाईल फोकीन यांनी याचा पुरता फायदा उठवला. पोलोव्त्सी कसे नाचत याचा पुरावा त्यांच्यापुढे नव्हता. त्यांनी नाच संगीतातून बसवला. गायकवृंद कडेला केला, मधली जागा मोकळी ठेवली आणि तिथे पुरुषांचे थवे सोडले. त्या काळी पॅरिसच्या बॅलेत पुरुष नर्तकाचे महत्त्व इतके घटले होते की तरुण नायकाच्या भूमिकाही अनेकदा स्त्रिया करत. तिथे अडॉल्फ बोल्म धनुष्य घेऊन योद्ध्यांच्या अग्रभागी आले आणि लोक थक्क झाले. दियागिलेव्ह मंडळींच्या कारकिर्दीभर हा नाच गाजत राहिला.

पोशाखांचीही या पडद्याशी सांगड होती. त्यांत मध्य आशियाई इकत रेशीम वापरले होते. इकतमध्ये सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित पाझरतात; आपल्या पटोल्याचीही युक्ती तीच. तंबू गप्प, सपाट, मातकट. माणसे रंगीत, पाझरत्या नक्षीची, सतत फिरणारी. पडद्याने स्वतःकडे रंगांचा गोंगाट ठेवला असता तर हे पोशाख त्यात बुडाले असते. चांगले नेपथ्य नटासाठी जागा सोडते म्हणतात, ते याला.

एक गोष्ट मात्र इथेच टिपून ठेवू. ते रेशीम उझबेक भागातले, विणणारे हात रोरिक यांच्याच काळातले. आणि ते अंगावर घालून नाचत होते सातशे वर्षांपूर्वीचे, दोन हजार किलोमीटर पश्चिमेकडचे लोक. पॅरिसमध्ये कुणाला त्याचे काही वाटले नाही.

खरा तळ

मग खरा तळ कसा होता? इगोरच्या पराभवानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १२५३ मध्ये, विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा एक फ्रान्सिस्कन भिक्षू याच स्टेपमधून मंगोल खानाच्या भेटीला निघाला. तोपर्यंत पोलोव्त्सी मंगोलांच्या सत्तेखाली आले होते. रुब्रुकने फ्रान्सच्या राजासाठी जे लिहून ठेवले, ते आजही भटक्यांच्या घरांविषयीचे पहिल्या प्रतीचे साधन आहे.

त्याने पाहिलेले मंगोलांचे तंबू नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे होते, आणि तो नमदा खडूने किंवा हाडांच्या पुडीने पांढरा केलेला असे. कधी काळाही असे. दारावर रंगीत नक्षीचे नमदे लटकत. दार दक्षिणेला, घरधन्याची जागा उत्तरेला, पुरुषांची बाजू पश्चिमेला, बायकांची पूर्वेला. आत प्रत्येक वस्तूला आणि माणसाला ठरलेली जागा. आणि हे घर चालत असे. एका घरगाडीच्या दोन चाकांच्या चाकोऱ्यांमधले अंतर त्याने मोजले, ते २० फूट भरले. ती ओढायला २२ बैल होते. तिचा कणा जहाजाच्या डोलकाठीएवढा. अशा गाड्या एकीमागे एक बांधून बायका त्या हाकत. पोलोव्त्सींच्या बाबतीतही गाड्या हाच तळाचा प्राण होता. इगोरच्या जुन्या काव्यातदेखील रात्री कुरकुरणाऱ्या त्यांच्या गाड्यांचा उल्लेख आहे.

म्हणजे खऱ्या तळात आवाज होता, चाके होती, जनावरे होती, बायकांची सत्ता होती, आणि दाराच्या आत एक नीट लावलेले जग होते. रोरिक यांच्या तळात दिशा कळत नाहीत. तंबू उचलून गाडीवर ठेवता येईल असे वाटतच नाही. तो जमिनीला रुतला आहे. भटक्यांचा तळ रंगवताना त्यातले भटकणेच गळाले.

कझाख आणि किर्गिझ लोकांची जाळीच्या भिंतींची तंबूघरे आजही बांधली जातात. घडी होणारी लाकडी जाळी, वाकवलेल्या काठ्यांचे छत, माथ्यावर त्या काठ्या पेलणारे गोल कडे, वरून नमदा. या कौशल्याची नोंद युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. किर्गिझस्तानच्या ध्वजावर ते माथ्याचे कडे आहे, कझाखस्तानच्या राजचिन्हातही आहे. गंमत पाहा : हे लोक स्वतःची खूण निवडतात तेव्हा घरात पाठीवर पडून वर पाहताना दिसणारा आकार निवडतात. रोरिक यांनी बाहेरून दिसणारा आकार रंगवला. घरातल्याची आणि वाटसरूची जागा यात जो फरक आहे, तो इतका सरळ आहे.

पडद्यामागचे साम्राज्य

हा फरक एका चित्रकाराच्या स्वभावापुरता नव्हता. बोरोदिन ऑपेरा लिहीत होते त्या वर्षांत रशियन फौजा मध्य आशिया गिळत होत्या. ताश्कंद १८६५ मध्ये, समरकंद १८६८ मध्ये आधीच पडले होते. १८७३ मध्ये खीवाने गुडघे टेकले. १८७६ मध्ये कोकंदचे राज्य खालसा झाले. १८८० मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या राज्यारोहणाला २५ वर्षे झाली, त्यानिमित्त रंगमंचावर सजीव देखावे करायचे ठरले. त्यांतल्या एका देखाव्यासाठी बोरोदिन यांनी मध्य आशियाच्या स्टेपवरची ती प्रसिद्ध संगीतरचना केली : रशियन सैनिकांच्या संरक्षणात एक काफिला वाळवंट ओलांडतो आहे. देखावे झालेच नाहीत, संगीत मात्र राहिले.

या पार्श्वभूमीवर पोलोव्त्सी तळाला दुहेरी अर्थ येतो. कथेत रशियन राजा भटक्यांचा कैदी आहे. नाट्यगृहाबाहेर भटक्यांचे वंशज रशियाचे अंकित आहेत. अशा वेळी शत्रूला उमदा, रसिक, उदार दाखवणे सोपे असते, कारण आता त्याची भीती उरलेली नसते. पॅरिसच्या प्रेक्षकाला तर पोलोव्त्सी कोण हेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला पूर्व हवी होती, कोणतीही चालली असती. पुढे १९५३ मध्ये ब्रॉडवेच्या ‘किस्मत’ या संगीतिकेने याच नाचाची चाल उचलली आणि बगदादच्या बागेत नेऊन बसवली. तिथेही ती लोकांना तितकीच खरी वाटली. जिथला तपशील काढून टाकलेला असतो, ती जागा कुठेही बसते.

यावर कुणी म्हणेल, ऑपेराच्या पडद्याकडून वांशिक अभ्यासाची अपेक्षा कशाला? आक्षेप रास्त आहे. बोरोदिन आणि रोरिक यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी पोलोव्त्सींना राक्षस केले नाही. ऑपेरात पुतिव्ल आतून कुजलेले आहे आणि तळावर आतिथ्य आहे. वास्नेत्सोव्ह यांच्या १८८० च्या चित्रात याच युद्धानंतर मैदानात पडलेली प्रेते दिसतात. रोरिक यांच्या तळात शस्त्रांचा धाक नाही. इतिहासही या सौम्यतेच्या बाजूने आहे. रशियन राजघराणी आणि पोलोव्त्सी खान यांच्यात सोयरिकी होत असत. इगोरच्या मुलाने खरोखरच कोंचाकच्या मुलीशी लग्न केले. १२२३ मध्ये काल्का नदीवर मंगोलांशी गाठ पडली, तेव्हा रशियन आणि पोलोव्त्सी एका बाजूने लढले आणि एकत्र हरले.

म्हणून माझा आक्षेप खोटेपणाचा नाही. रोरिक यांनी या लोकांना हिणवले नाही. त्यांना पुरातन केले. हिणवल्याचे लगेच ध्यानात येते. पुरातन केल्याचे येत नाही, कारण त्यात आदर असतो. पण ज्याला आपण काळाबाहेर नेऊन बसवतो, त्याच्याकडे आज काही म्हणायचे असेल हे आपल्या मनात येत नाही.

चित्रकार तळावर

रोरिक यांच्या पुढच्या आयुष्यात या विषयाला एक वेगळी कलाटणी मिळाली. १९१३ मध्ये संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचे नेपथ्य त्यांनी केले, तिथेही पुरातन टेकड्या आल्या. क्रांतीनंतर ते रशियाबाहेर राहिले. डिसेंबर १९२३ मध्ये ते सहकुटुंब मुंबई बंदरात उतरले. १९२५ ते १९२८ या काळात लडाख, पूर्व तुर्कस्तान, अल्ताय, मंगोलिया आणि तिबेट असा प्रचंड प्रवास त्यांनी काफिल्याबरोबर केला. १९२७ च्या ऑक्टोबरात तिबेटी अधिकाऱ्यांनी त्यांना पठारावर अडवले. मार्च १९२८ पर्यंतचा सारा हिवाळा उन्हाळी तंबूंत काढावा लागला. काफिल्यातली बहुतेक जनावरे मेली, माणसेही दगावली.

तंबूचे कापड किती पातळ असते, जनावर मेले की मुक्काम कसा अडतो, हे शातलेचा पडदा रंगवणाऱ्याला आता अंगावर कळले होते. कुलूच्या नग्गर गावी ते स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. १९४२ मध्ये, जर्मन सैन्य रशियात खोल घुसलेले असताना, त्यांनी नग्गरला बसून पुन्हा इगोरचा विषय घेतला, तेव्हा चित्र काढले ते मोहिमेवर निघालेल्या इगोरच्या फौजेचे. त्या वर्षी त्यांना घराचे रक्षण करणारे रशियन आठवणे स्वाभाविक होते. पण तंबूंतला तो हिवाळा सोसल्यावरही, तळ आतून कसा असतो हे दाखवणारा नवा पडदा कुठल्या रंगमंचाने त्यांच्याकडून मागितला नाही, याची हळहळ वाटते.

पोलोव्त्सींचे काय झाले? मंगोलांपुढे त्यांतले काही हंगेरीत आश्रयाला गेले आणि तिथल्या एका प्रदेशाला आजही त्यांचेच नाव आहे. काही गुलाम म्हणून विकले गेले. त्यांतल्याच एकाने, बेबर्सने, पुढे इजिप्तचे तख्त मिळवले. त्यांच्या भाषेचा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शब्दसंग्रह व्हेनिसच्या ग्रंथालयात आहे. आणि त्यांनी उभारलेल्या, दोन्ही हातांनी पोटाशी पात्र धरलेल्या दगडी मूर्ती युक्रेनच्या मैदानांत आणि संग्रहालयांत उभ्या आहेत. २०२२ मध्ये इझ्यूमजवळच्या मूर्तींनाही युद्धाची झळ बसली. ज्यांना आपण पडद्यावर काळाबाहेर बसवले, त्यांच्या खुणा अशा चालू काळात तोफांच्या माऱ्यात येतात.

पाहण्याची रीत

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात २०१४ मध्ये दिग्दर्शक द्मित्री चेर्न्याकोव्ह यांनी ‘प्रिन्स इगोर’ केला, तेव्हा तळ काढूनच टाकला. त्याऐवजी रंगमंचभर लाल खसखशीच्या फुलांचे शेत लावले आणि तो अंक जखमी इगोरच्या भ्रमात घडवला. हा उपाय प्रामाणिक आहे : हा तळ इगोरच्या, म्हणजे आपल्याच, डोक्यातला आहे, हे तो कबूल करतो. पण त्याने पोलोव्त्सींच्या वाट्याला आलेली उरलीसुरली जागाही गेली.

मला दुसरी वाट पसंत आहे. रोरिक यांचा तळ टिकवावा, मिरवावा, त्यापासून रंगभूमीचे धडे घ्यावेत. मोजमाप काढून घेतले की शरीर मोठे होते, क्षितिज उतरवले की उडी उंच जाते, पडदा गप्प राहिला की पोशाख बोलतात. नेपथ्य करणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे शिकून घ्यावे. त्याबरोबर प्रत्येक पडद्याला, आपल्या रंगभूमीवरच्या झोपडीच्या आणि पाड्याच्या पडद्यालाही, एक प्रश्न विचारावा : या घराचे दार कुठे आहे, आणि चित्रकार आत कधी गेला होता का? उत्तर नाही असे आले तर पडदा वाईट ठरत नाही. पण तो कुणाच्या सोयीसाठी रंगवला, हे मात्र कळते. नेपथ्याची समीक्षा आपल्याकडे अजून ‘सुंदर होते’ आणि ‘साजेसे होते’ या दोन शेऱ्यांपुढे फारशी गेलेली नाही. ती या प्रश्नापर्यंत आली, तर पडदे रंगवून गेलेल्या कलावंतांच्या कामाला उशिरा का होईना, नाटककाराच्या संहितेइतकी गंभीर वाचणारी नजर लाभेल.